लॉजवाल्यांचा कागद

कन्नडमध्ये आलेला सरकारी कागद परत पाठवायचा, ही आमच्या निपाणीच्या घरातली पद्धत वडिलांनी घालून दिली आणि माझ्या मोठ्या भावाने, अण्णाने, ती पुढे चालवली. पोस्टमन किंवा नगरपालिकेचा शिपाई दारात उभा राहायचा. अण्णा कागद हातात घ्यायचा, पहिल्या ओळीपासून खालच्या शिक्क्यापर्यंत वाचायचा, मग खिशातलं लाल शाईचं पेन काढून मागच्या बाजूला लिहायचा, 'मराठीत पाठवावे.' खाली सही. कागद परत. अण्णा जन्मभर शिक्षक होता, शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. कन्नड त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. कागदात काय आहे ते त्याला त्या एका वाचनात कळलेलं असायचं आणि जे करायचं ते तो दुसऱ्या दिवशी गुपचूप करून टाकायचा. आमची घरपट्टी कधी थकली नाही. पाण्याची जोडणी कधी तुटली नाही. एकदा तरी तुटली असती तर त्या लाल शाईला काही किंमत आली असती.

मागणी चूक नव्हती. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागद मिळावा, हे कायद्यानेच मान्य केलेलं आहे. बेळगावच्या एका मराठी दैनिकात मी बावीस वर्षं उपसंपादक होते आणि त्या मागणीच्या बातम्या मी स्वतः पानात लावल्या आहेत. नोकरी सोडल्यावर निपाणीला परत आले. वडिलांनी घर आम्हा दोघांच्या नावावर केलेलं होतं. निम्मं घर माझं, हे कागदावर. जेवण वहिनीच्या स्वयंपाकघरात, बैठकीत बसायची जागा अण्णाची, आणि दारावर पाटी त्याच्या नावाची. गावागावांतून तो हक्कांवर बोलायला जायचा तेव्हा लोक त्याला सर म्हणायचे. सभेतलं त्याचं मराठी छापील असायचं. घरात आल्यावर तो आमच्यासारखाच बोलायचा.

त्या वर्षी जूनमध्ये माडीवरच्या दोन खोल्या आम्ही एका टांझानियाच्या मुलीला दिल्या. ती गावाबाहेरच्या कॉलेजात औषधनिर्माणशास्त्र शिकत होती. पहिली तीन वर्षं वसतिगृहात होती. शेवटच्या वर्षाला वसतिगृहात जागा मिळत नाही, म्हणून बाहेर खोली शोधत होती. आमच्या आधी तिने पाच घरं विचारली होती. दोन घरांनी ती आत आल्यावर खोली आधीच गेल्याचं सांगितलं, एका घराने दारच उघडलं नाही. आमच्या घराने तिला आत घेतलं याचा अण्णाला फार अभिमान होता. पुढे आठवडाभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, की माणुसकी अजून शिल्लक आहे ती आमच्यासारख्यांच्या घरात.

बैठकीत तिची मुलाखत झाली. वहिनीने विचारलं, काय खातेस, कोण येणार-जाणार, केसांच्या अशा वेण्या कुणी घातल्या. तिने हिंदीत सगळ्याची उत्तरं दिली. मग अण्णा म्हणाला, "पासपोर्ट आमच्याजवळ ठेवून जा. कपाटात राहील नीट."

"नहीं सर," ती म्हणाली. "पासपोर्ट मेरा नहीं, मेरे देश का है. मैं किसी को नहीं दे सकती. झेरॉक्स ले लीजिए."

अण्णा माझ्याकडे बघून हसला. "बघ, कायदा शिकवायली मला."

तिने हातातली निळी प्लास्टिकची फाइल उघडली. आत पासपोर्टची प्रत, व्हिसा, आणि रहिवासी परवाना होता. परदेशी विद्यार्थी इथे आला की त्याला पोलिसांच्या परदेशी नागरिक शाखेत नोंद करावी लागते आणि हा परवाना मिळतो. त्याच्यावर मुदत असते आणि मुदत संपायच्या आत तो वाढवून घ्यावा लागतो. तिच्या परवान्याची मुदत ऑक्टोबरच्या शेवटी संपत होती. फाइलमधून तिने अजून एक कागद काढून टेबलावर ठेवला. सी फॉर्म. परदेशी माणूस ज्याच्या जागेत उतरतो त्या जागेच्या मालकाने चोवीस तासांत ती माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते, त्याचा नमुना.

"सर, चौबीस घंटे," ती म्हणाली.

"आधी सामान तर आण," वहिनी म्हणाली. "कागद कुठं पळून चाललाय?"

सामान संध्याकाळी आलं. कागद टेबलावर राहिला, मग टेबलावरून फडताळात गेला.

त्या फाइलच्या आतल्या बाजूला तिने स्वतःच्या अक्षरात एक यादी चिकटवली होती. एकदा जिन्यात थांबून ती मी वाचली. डाव्या बाजूला मला काय करता येतं: राहता येतं, शिकता येतं, खोली भाड्याने घेता येते, बँकेत खातं काढता येतं, पोलिसांत तक्रार करता येते. उजव्या बाजूला काय करायलाच हवं: मुदतीच्या आत अर्ज, पत्ता बदलला की लगेच कळवणं, कुणी अधिकाऱ्याने मागितला की परवाना दाखवणं, पगारी काम न करणं. दोन्ही बाजू सारख्याच लांबीच्या होत्या. आमच्या घरात दोन पिढ्या हक्कांवर भाषणं झाली. उजव्या बाजूची यादी या घरात कुणी कधी केलेली मला आठवत नाही.

पत्ता बदलल्याचं तिने आल्याच्या तिसऱ्या दिवशी बेळगावला कळवलं आणि त्याची पोच फाइलमध्ये लावली. तिच्या बाजूचं काम संपलं. आमच्या बाजूचं राहिलं.

ती दोन महिन्यांत गल्लीत रुळली, म्हणजे गल्ली तिला बघून थांबायची बंद झाली. त्याआधी बायका दारात उभ्या राहून बघत. कोपऱ्यावरचा शिंपी तिच्या रंगावर रोज तोच विनोद करायचा आणि रोज तीच तीन माणसं हसायची. तिने दूधवालीकडून मराठी उचललं. दूधवाली मला आक्का म्हणायची म्हणून तीही आक्का म्हणू लागली. वहिनीला काकू. एकदा वहिनीने तिला खर्डा-भाकरी दिली तेव्हा डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "काकू, लई तिखट हाय, पर लई भारी हाय." वहिनीने हे आठ दिवस सगळ्यांना सांगितलं. "घरच्यासारखी हाय पोरगी," ती म्हणायची. घरच्यासारखी असण्याचा फायदा असा, की घरच्या माणसासाठी कागद करावा लागत नाही.

जुलैत तिने पहिल्यांदा आठवण केली. अण्णा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, "पोलिसांचा कागद कन्नडमध्ये असतोय. मी कन्नड कागदावर सही करत न्हाय. तत्त्व हाय माझं."

ती वर गेली आणि फॉर्मची प्रत घेऊन आली. फॉर्म इंग्रजीत होता.

"इंग्रजी आहे, सर."

अण्णाने फॉर्म बघितला. पहिल्या दोन ओळींच्या पुढे त्याची नजर गेली नाही. मी समोरच होते. "बघतो," म्हणाला.

ऑगस्टमध्ये दुसरं कारण निघालं, आणि ते खरं होतं. अण्णा सकाळी फिरायला गेला असताना कुणीतरी त्याला सांगितलं, की हा सी फॉर्म लॉजवाले भरतात. हायवेवरच्या लॉजमध्ये कुणी गोरा-बिरा उतरला की मॅनेजर भरून देतो. अण्णा घरी आला तो तापूनच.

"आम्ही काय लॉज काढलंय व्हय?" तो वहिनीला म्हणाला. "उद्या पोलीस रजिस्टर मागायला येतील. कोण आलं, कोण गेलं, कुणाबरोबर आलं. शिक्षकाचं घर हाय हे."

"नकोच बाई," वहिनी म्हणाली. "लॉज म्हटलं की लोक काय समजत्यात, ठाव हाय न्हवं?"

"घराला भाडेकरू ठेवलाय. गिऱ्हाईक न्हाय."

मी म्हटलं, "अण्णा, नियम लॉजचाच नाही. घरमालकालाही आहे. मी ही बातमी दर वर्षी लावायची. घरमालकांनी परदेशी भाडेकरूंची माहिती द्यावी, पोलिसांचं आवाहन. एक कॉलम."

"एक कॉलमच ना?" तो म्हणाला. "मग तेवढीच किंमत तिची."

हे लिहिताना लपवण्यात अर्थ नाही, की त्या दिवशी मी फॉर्म भरू शकले असते. घर निम्मं माझं होतं. फॉर्मबरोबर घरपट्टीची पावती जोडावी लागते. ती अण्णाच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली वहिनीच्या कमरेला. मागायला हवी होती. मागितली असती तर दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नसतं, जेवण ताटात आदळलं गेलं असतं. त्या दोन दिवसांच्या शांततेसाठी मी गप्प बसले. अण्णाकडे निदान एक तत्त्व तरी होतं, खोटं का होईना.

सप्टेंबरच्या शेवटी कॉलेजने सांगितलं, की परवाना वाढवून मिळाला नाही तर शेवटच्या वर्षाचा परीक्षा अर्ज घेता येणार नाही. तिने आम्हाला ते खाली येऊन, उभ्यानेच सांगितलं. परवाना संपला की देश सोडावा लागतो. परत येण्यासाठी नवा व्हिसा, तो मिळेल की नाही ते सांगता येत नाही. तीन वर्षं शिकलेली ती अर्धवट औषधनिर्माती म्हणून घरी जाणार होती. "मेरे गाँव में दवा की दुकान नहीं है," ती म्हणाली. "इसलिए आई थी." वहिनीने हळहळून तिला लाडू दिला.

मी तिच्याबरोबर बेळगावला जायचं ठरवलं. निपाणीहून सकाळची बस धरली. संकेश्वरला बस पाच मिनिटं थांबली तेव्हा खिडकीखाली एका म्हातारीने तिला बघून हात जोडले, का ते कळलं नाही, तिनेही जोडले. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे अडकत आम्ही अकराला पोहोचलो.

शाखेतला कारकून पन्नाशीचा, कन्नड भाषक, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा. मी कन्नडमध्ये सुरुवात केली तर त्याने मराठीत उत्तर दिलं. बेळगावात हे रोजचं आहे. सभांमधून ते कुणी सांगत नाही. त्याने तिची फाइल घेतली आणि एकेक कागद उलटला.

"सगळं बरोबर हाय री मॅडम," तो मला म्हणाला. "पत्ता बदललेला हिनं जूनमध्येच कळवलाय. हजेरी हाय, कॉलेजचं पत्र हाय. घरमालकाचा सी फॉर्म तेवढा न्हाय. तो दिसल्याशिवाय अर्ज पुढं सरकत न्हाय."

"मालक भरत नाहीत," मी म्हटलं.

"का?"

"लॉजवाल्यांचा फॉर्म आहे म्हणतात."

तो हसला नाही. "मालक कोण?"

"माझा मोठा भाऊ."

"घर त्येंच्या एकट्याच्या नावावर?"

ती माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं. वहिनीनेच कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं, की आमच्यात बहिणीलाही वाटा दिलाय.

"दोघांच्या," मी म्हटलं.

"मग तुम्हीच भरा की. दहा मिनिटांचं काम. उशिराचं काय ते मी बघून घेतो. वीस तारखेच्या आत करा, म्हंजे मुदतीत बसतंय."

बसमध्ये मी तिला सांगितलं, की मी अण्णाशी बोलते. तिने मान हलवली. हत्तरगीच्या पुढे तिने विचारलं, "आक्का, सरांना मराठी कागद आवडतो ना?"

"आवडतो."

"मग मी मराठीत आणते."

मी त्याच संध्याकाळी अण्णाला किल्ली मागितली. तो म्हणाला, "घर दोघांचं असंल. पण गावात ह्या घराला नाव हाय ते माझं. पोलीस खात्यात ते लॉज म्हणून चढवायचं असंल तर आधी मला वाटणी करून दे." वहिनी पोळ्या लाटत होती, तिने लाटणं थांबवलं नाही. मी जेवून माझ्या खोलीत गेले. पत्रकारितेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाची ही झुंज.

पुढच्या आठवड्यात सीमाभागातल्या मराठी माणसांच्या हक्कांवर सभा होती आणि अण्णा भाषणाची टिपणं काढत बैठकीत बसला होता. रविवारची सकाळ. ती जिन्यावरून खाली आली. हातात आखीव वहीचे दोन कागद. आख्खा सी फॉर्म तिने मराठीत हाताने लिहून काढला होता. वर्गातल्या एका मुलीने लिहून दाखवायचं आणि हिने बघून उतरवायचं, असं चार दिवस चाललं होतं. रकाने पट्टीने आखलेले. नाव, देश, पासपोर्टचा क्रमांक, आल्याची तारीख, जागेचा पत्ता, जागेचा प्रकार, मालकाचं नाव. मालकाच्या नावापुढे अण्णाचं नाव, आदराने, पुढे 'सर' लावून. खाली सहीसाठी जागा.

"सर, हे मराठीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही इथे सही करा. कॉम्प्युटरवर आक्का भरेल."

अण्णाने चष्मा चढवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं, की आता होईल. त्याचा चेहरा बदलला होता. त्याने कागद जवळ घेतला आणि खिशातलं लाल पेन काढलं.

तो वाचत गेला. प्रत्येक ओळ. जिथे बरोबर होतं तिथे त्याने समासात बरोबरची खूण केली, जिथे चूक होती तिथे दुरुस्त केलं. दोन्ही पानं. ती टेबलाजवळ उभी होती, हात पाठीमागे बांधून, जशी शाळेत मुलं उभी राहतात. शेवटी सहीच्या रिकाम्या जागेवर येऊन पेन थांबलं.

"अक्षर चांगलं आहे," अण्णा सभेतल्या मराठीत म्हणाला. "आमच्या इथल्या पोरांना असं येत नाही." आणि पेनाला टोपण लावून कागद तिला परत दिला.

"सही, सर?"

"सही न्हाय, बाळ. लॉजवाल्यांचा कागद हाय तो. कुठल्याबी भाषेत लिहिलास तरी लॉजवाल्यांचाच. त्याला मी काय करू?"

वहिनीने विचारलं, "चहा घेतीस काय गं?" ती म्हणाली, "नको, काकू." दोन्ही कागद तिने टेबलावर ठेवले आणि वर गेली. ते मी उचलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खोली सोडली. हायवेवर बसस्थानकापासून जवळच एक लॉज आहे. तंबाखूच्या हंगामात बाहेरगावचे खरेदीदार तिथे महिना-महिना राहतात, औषध कंपन्यांचे फिरते विक्रेते राहतात. तिने वर्गमैत्रिणीच्या बापाकडून चौकशी करून वरच्या मजल्यावरची मागची खोली महिन्याच्या बोलीवर ठरवली होती. मी तिची एक पिशवी घेऊन बरोबर गेले. जाताना वहिनी डोळ्याला पदर लावून दारात उभी होती. अण्णा फिरायला गेला होता.

काउंटरवरचा मॅनेजर दात कोरत मोबाइल बघत होता. पासपोर्ट म्हटल्यावर त्याने हात पुढे केला, फोटो काढला आणि लगेच पासपोर्ट परत दिला. मग मोबाइलवरच बोटं चालवायला लागला. मध्ये एकदा विचारलं, "किती दिवस राहणार?" ती म्हणाली, "परीक्षा होईपर्यंत." त्याने काहीतरी भरलं.

"झालं," तो म्हणाला. मागच्या प्रिंटरमधून एक कागद आला. "ही तुमची पोच. बेळगावला लागंल."

मी घड्याळ बघितलं होतं. सवय. सात मिनिटं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच की. रोजचं काम हाय आमचं." त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही त्या सरांच्या बहीण न्हवं? मग हिला घरातनं का काढली?"

"काढली नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा मोबाइल बघू लागला.

अर्ज मुदतीत गेला. नोव्हेंबरात परवाना वाढवून मिळाला, शेवटचं वर्ष संपेपर्यंत. पत्ता लॉजचा. तिने परीक्षेचा अर्ज भरला. परवान्याची प्रत दाखवायला ती माझ्याकडे आली तेव्हा दारातच उभी राहिली, आत ये म्हटल्यावर म्हणाली, "आक्का, जेवायला मेसमध्ये वेळ ठरलेली हाय." वहिनीला बाहेरूनच हाक मारली, "काकू, बरं हाय न्हवं?" काकूंचं बरं होतं.

मधे सभा झाली होती. अण्णा चांगला बोलला. आपल्याच भूमीत आपल्याला परक्यासारखं वागवलं जातं, असं म्हणाला, टाळ्या पडल्या. निपाणीतल्या बातम्या मी अधूनमधून माझ्या जुन्या दैनिकाला पाठवते. ती बातमीही पाठवली. दोन कॉलम छापून आली.

परवान्याच्या अर्जात एक प्रश्न असतो, गेल्या वर्षभरात कुठे राहिलात. तिने खरं उत्तर लिहिलं होतं. जून ते ऑक्टोबर, आमचं घर, पूर्ण पत्ता. डिसेंबरात पोस्टमन आला. जिल्हा पोलिसांची नोटीस, रजिस्टर पोस्टाने, अण्णाच्या नावावर. कन्नडमध्ये. अण्णाने ती दारातच वाचली. वाचताना तो खाली उंबऱ्यावर बसला, जे तो एरवी करत नाही. परदेशी व्यक्ती आपल्या घरात राहत असताना माहिती का दिली नाही, समक्ष येऊन खुलासा करा. मग त्याने लाल पेन काढलं आणि मागच्या बाजूला लिहिलं. पोस्टमन म्हणाला, "सर, रजिस्टर हाय. फोडून वाचलंय तुम्ही." अण्णा म्हणाला, "मराठीत पाठवा म्हणावं."

तीन आठवड्यांनी नोटीस पुन्हा आली. मराठीत. टाइप केलेली, स्वच्छ, वर विषय, खाली संदर्भ, आणि एक जादा वाक्य: 'आपल्या विनंतीनुसार मराठीत.' आमच्या घरात दोन पिढ्यांत मराठीत आलेला तो पहिला सरकारी कागद. पोस्टमन पेन पुढे करून उभा होता. परत पाठवायला कारण उरलेलं नव्हतं. अण्णाने सही केली.

"हे तू करायला लावलंस?" त्याने मला विचारलं.

मी केलं नव्हतं. करायला हवं होतं.

जानेवारीत आम्ही दोघं बेळगावला गेलो. तोच कारकून. त्याने अण्णाला खुर्ची दिली, सर म्हणाला, चहा मागवला. अण्णा पहिल्यांदा कन्नडमध्ये बोलायला लागला, अगदी मऊ. कारकून म्हणाला, "मराठीत बोला की सर, तुमचा हक्क हाय." त्याच्या आवाजात टोमणा होता की नव्हता, मला आजही सांगता येत नाही.

अण्णाने खुलासा सांगितला. शिक्षकाचं घर, प्रतिष्ठा, लॉजवाल्यांचा फॉर्म. कारकुनाने ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवला. तोच फॉर्म होता. एका रकान्यावर त्याने बोट ठेवलं. जागेचा प्रकार. तिथे दाबल्यावर यादी उघडली: हॉटेल, लॉज, वसतिगृह, धर्मशाळा, रुग्णालय, खासगी घर.

"ह्यातलं 'खासगी घर' घ्यायचं असतंय, सर," तो म्हणाला. "लॉज कोण म्हणतंय तुम्हाला?"

अण्णा पडद्याकडे बघत राहिला. मग उशिरा माहिती दिल्याचा फॉर्म तिथेच भरला, मराठीत लिहिलेला माफीचा कागद जोडला, समज देऊन त्याला सोडलं. ती घर सोडून गेल्यावर तीन महिन्यांनी आमच्या घराने तिच्या येण्याची माहिती सरकारला दिली.

परतीच्या बसमध्ये संकेश्वरजवळ तो म्हणाला, "तिनं आधीच सांगायला पाहिजे हुतं, घराचा येगळा रकाना हाय म्हणून. आपल्याला काय स्वप्न पडतंय?"

मी खिडकीतून बाहेर बघत होते. तिने हाताने लिहिलेले ते दोन कागद माझ्याकडे आहेत. दुसऱ्या पानावर, वरून तिसरी ओळ, पट्टीने आखलेल्या रकान्यात: जागेचा प्रकार, खासगी घर. समासात अण्णाची लाल बरोबरची खूण आहे.